मुलांचा ऑटोइम्यून रिपोर्ट कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचा ताप हटत नाही, गुडघा सुजलाय किंवा अंगावर पुरळ आहे, हातात चार पानी रिपोर्ट आहे आणि डॉक्टरांची वेळ अजून लांब आहे. या मधल्या दिवसांत पालक जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ऑटोइम्यून म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणं. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. उत्तरं रिपोर्ट समजण्यासाठी आहेत. त्यांवरून औषध सुरू किंवा बंद करू नका.

१. रिपोर्टमध्ये चार आकडे ठळक छापलेत. म्हणजे चार गोष्टी बिघडल्यात का?

बहुधा नाही. ‘नॉर्मल रेंज’ ठरवताना निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे धरतात. त्यामुळे धडधाकट मुलाच्या २० तपासण्या केल्या तरी सरासरी एखादी रेंजबाहेर पडते. शिवाय काही प्रयोगशाळा मुलांच्या रिपोर्टवरही मोठ्यांचीच रेंज छापतात आणि त्यातून नेहमीचे तीन गोंधळ होतात. अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांच्या मानाने खूप जास्त दिसतं. हाडं वाढत असताना ते तसंच असतं. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट ‘जास्त’ आणि न्यूट्रोफिल ‘कमी’ दिसतात; साधारण चार-पाच वर्षांपर्यंत हेच प्रमाण बरोबर असतं. तिसरा गोंधळ उलट्या दिशेचा आणि जास्त धोक्याचा आहे, तो म्हणजे क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ). लहान मुलांचे स्नायू कमी, म्हणून त्यांचं क्रिएटिनिनही मुळात कमी असतं. तीन वर्षांच्या मुलाचं ०.९ मोठ्यांच्या रेंजमध्ये बसतं, ठळक छापलं जात नाही, पण त्याच्या मूत्रपिंडाचं काम निम्म्याखाली गेलेलं असू शकतं. रिपोर्टवर मुलाचं वय आणि त्या वयाची रेंज आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

२. ‘ऑटोइम्यून आहे की नाही’ हे सांगणारी एकच टेस्ट नाही का?

नाही. प्रतिकारशक्ती शरीराच्या कोणत्या भागावर उलटली आहे, त्यावर तपासण्या ठरतात: सांध्यांसाठी वेगळ्या, थायरॉइडसाठी वेगळ्या, आतड्यांसाठी वेगळ्या. म्हणून डॉक्टर आधी मूल तपासतात, मग रक्त मागवतात. हा क्रम उलटा झाला की घोळ होतो. लक्षणं नसताना ‘पूर्ण ऑटोइम्यून पॅनेल’ करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सगळ्यात जास्त सांगून जाणाऱ्या दोन तपासण्या तर अगदी साध्या आहेत: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवी. पालकांचं लक्ष नेमकं त्यांच्याकडेच सगळ्यात कमी जातं.

३. पाच बाटल्या रक्त काढलं. एवढ्या लहान जिवाला ते झेपतं का? आणि उपाशी न्यायला हवं होतं का?

झेपतं. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० ते ७५ मिलि रक्त असतं. १५ किलोच्या मुलात ते एक लिटरच्या थोडं वर भरतं. मुलांच्या पाच छोट्या बाटल्यांत १०-१५ मिलि जातं, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं), सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (या दोन शरीरातला दाह मोजतात) यांपैकी कशासाठीही उपाशी राहावं लागत नाही. उलट भरपूर पाणी पाजून नेलं तर शीर लवकर सापडते.

४. मुलीचं एएनए पॉझिटिव्ह आलं. म्हणजे ल्युपस का?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ल्युपस म्हणजे त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजार. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी. प्रयोगशाळा रक्तातला द्रव पातळ करत जाते आणि किती पातळ केल्यावरही त्या दिसतात ते नोंदवते. १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावर दिसल्या, १:६४० म्हणजे ६४० पट. अर्थात दुसरा आकडा जितका मोठा तितक्या अँटिबॉडी जास्त.

पण या अँटिबॉडी निरोगी माणसांतही सापडतात. अनेक प्रयोगशाळांनी मिळून निरोगी प्रौढांवर केलेली एक पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १:४० ला जवळपास ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. निरोगी मुलांतही कमी पातळीचं एएनए काही दुर्मीळ नाही. विषाणूंच्या संसर्गानंतर ते तात्पुरतं येतं आणि थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारातही दिसतं.

ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० किंवा त्यावरचं एएनए ही नुसती प्रवेशाची अट आहे. त्यानंतर ताप, पुरळ, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, विशिष्ट अँटिबॉडी असे गुण मोजायचे असतात. मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय, सीबीसी आणि लघवी साफ आहे आणि एएनए १:८० आहे, तर बहुतेक वेळा पुढे काहीच निघत नाही. याउलट गालांवर पुरळ, तोंडात फोड, सुजलेले सांधे, लघवीत प्रथिनं आणि एएनए १:६४० असं एकत्र असेल, तर त्याच ‘पॉझिटिव्ह’ला वजन येतं (प्रश्न १० पाहा).

५. एएनएखाली ‘स्पेकल्ड पॅटर्न’ लिहिलंय. आणि ब्लॉटमध्ये एक पट्टी ‘बॉर्डरलाइन’ आहे. यावरून आजार ओळखता येतो का?

एकट्या पॅटर्नवरून, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली अँटिबॉडी कशा नक्षीत दिसतात त्यावरून, नाही. होमोजिनस पॅटर्न ल्युपसमध्ये दिसतो, सेंट्रोमिअर पॅटर्न स्क्लेरोडर्मासारख्या (त्वचा कडक होण्याच्या) आजारांत. पण ठिपकेदार, म्हणजे स्पेकल्ड, हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात कमी सांगणारा. ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’ किंवा ‘डीएफएस७०’ असं लिहिलं असेल आणि सोबत दुसरी कोणतीही विशिष्ट अँटिबॉडी नसेल, तर ते बरंचसं दिलासा देणारं असतं. निरोगी लोकांत हा प्रकार पुष्कळ सापडतो. ब्लॉटमधली (अनेक विशिष्ट अँटिबॉडी एकत्र तपासण्याची पद्धत) एखादी फिकट पट्टी अनेकदा खोटी असते. लक्षणांशी जुळत असेल तर ती दुसऱ्या पद्धतीने पडताळतात, जुळत नसेल तर सोडून देतात.

६. मुलाचा गुडघा दोन महिने सुजलाय, पण सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. म्हणजे संधिवात नाही ना?

असू शकतो. बालसंधिवाताचं निदान मुळात रक्तावर होतच नाही. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली सांध्याची सूज आणि दुसरं कारण न सापडणं, अशी त्याची व्याख्या आहे. एकाच गुडघ्याला सूज असलेल्या अनेक मुलांचे ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर (संधिवाताशी जोडलेली एक अँटिबॉडी) सगळे नॉर्मल असतात. सकाळी उठल्यावर लंगडणं आणि तासाभराने मोकळं होणं हे लक्षण इथे रिपोर्टपेक्षा मोलाचं आहे.

मग एएनए कशाला करतात? डोळ्यांसाठी. कमी सांध्यांचा संधिवात, लहान वय आणि पॉझिटिव्ह एएनए असलेल्या मुलांना डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका जास्त असतो. ती दुखत नाही, डोळा लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही आणि नजर मात्र जाऊ शकते. म्हणून जास्त धोक्याच्या गटातल्या मुलांची सुरुवातीची काही वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) तपासणी करतात. ‘डोळे चांगले दिसतायत’ म्हणून ती तारीख टाळू नका.

७. ईएसआर ४५ आहे, सीआरपी नॉर्मल. कोणतं खरं मानायचं?

दोन्ही. त्यांची चाल वेगळी आहे. सीआरपी यकृतात बनतं, दाह सुरू झाल्यावर काही तासांत चढतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि कारण गेलं की भराभर उतरतं. ईएसआर हळू चढतो आणि आठवडे-आठवडे रेंगाळतो. त्यामुळे मागच्या महिन्यातल्या तापाने आजचा ईएसआर वाढलेला असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो, तिथे दाह असण्याची गरजही नाही.

ल्युपसमध्ये मात्र ईएसआर चढलेला आणि सीआरपी फारसं न वाढलेलं, अशी जोडी नेहमी दिसते. ल्युपस असलेल्या मुलाचं सीआरपी अचानक खूप वाढलं, तर डॉक्टर आधी संसर्ग शोधतात.

एक सावधगिरी एककांची: काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. मागच्या प्रयोगशाळेत ३ आणि आता ३० आलं, तर घाबरण्याआधी आकड्यापुढचं एकक वाचा.

८. आरए फॅक्टर आणि एचएलए-बी२७, यांचं काय?

बालसंधिवात असलेल्या मुलांपैकी शंभरात साधारण पाच जणांचाच आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असतो, आणि तोही किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आला तरच मोजतात. एकदाच आलेला बहुधा संसर्गाचा असतो. बी२७ हा जनुकाचा प्रकार आहे, आजार नव्हे. तो असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. मोठ्या मुलाला टाचदुखी, कंबरेचा ताठरपणा किंवा अचानक लाल होऊन दुखणारा डोळा असेल, तर त्याला अर्थ येतो. ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते.

९. एएसओ ४०० आलं आणि संधिवाताचा ताप आहे म्हणून इंजेक्शनं सुरू करायला सांगितली. बरोबर आहे का?

एकट्या एएसओवर नाही. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू येऊन गेला, एवढंच एएसओ सांगतं. ते संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांनी शिखरावर असतं आणि पुढे काही महिने वरच राहतं. शाळेत जाणाऱ्या मुलांना घसादुखी सतत होते, म्हणून त्यांच्यात ते जास्त असणं नेहमीचंच. संधिवाताच्या तापाचं निदान जोन्स निकषांनी होतं (पहिले १९४४ चे, शेवटची मोठी सुधारणा २०१५ ची). त्यांत हृदय, सांधे, अंगविक्षेप, त्वचा अशी लक्षणं लागतात आणि एएसओ हा फक्त आधार असतो. पण निदान खरंच झालं असेल, तर इंजेक्शनं वर्षानुवर्षं नियमित घ्यावी लागतात आणि ती हृदयाच्या झडपा वाचवतात. म्हणून शंका असेल तर बंद करू नका. हृदयाची इको तपासणी झाली का ते विचारा.

१०. डीएस-डीएनए पॉझिटिव्ह, सी३ आणि सी४ कमी. हे किती गंभीर?

प्रश्न ४ मधल्या सैल ‘पॉझिटिव्ह’पेक्षा हे निश्चितच वजनदार आहे. डीएस-डीएनए आणि एसएम या अँटिबॉडी ल्युपसच्या बऱ्याच खास आहेत. सी३-सी४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं. ती कमी होतात तेव्हा दाहात खर्ची पडत असल्याची शक्यता असते. मुलांच्या ल्युपसमध्ये मूत्रपिंड मोठ्यांपेक्षा जास्त वेळा आजाराच्या तावडीत सापडतं आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. त्यामुळे या रिपोर्टनंतर लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तदाब दोन्ही लगेच बघावे लागतात. संधिवाततज्ज्ञांची वेळ महिन्याने मिळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून ती अलीकडे आणा. फक्त सी३ कमी, लघवी तांबूस आणि नुकताच घसा दुखून गेलेला असेल, तर डॉक्टर स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या मूत्रपिंडविकाराचाही विचार करतात. तिथे सी३ साधारण आठ आठवड्यांत पूर्ववत होतं.

११. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेत, पण डॉक्टर यकृताऐवजी स्नायूंबद्दल बोलतायत. का?

कारण यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी ही एन्झाइम स्नायूंतही असतात. मुलाला जिना चढताना, जमिनीवरून उठताना त्रास होत असेल, पापण्यांवर जांभळट झाक असेल, बोटांच्या सांध्यांवर लालसर खवले असतील, तर ज्युव्हेनाइल डर्मेटोमायोसायटिसची (मुलांच्या त्वचेचा आणि स्नायूंचा दाह) शंका येते. त्यासाठी सीपीके, एलडीएच, अल्डोलेज ही स्नायूंतली एन्झाइम बघतात. सीपीके नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो, विशेषतः निदानाला उशीर झाला असेल तर. म्हणून ताकदीची प्रत्यक्ष तपासणी महत्त्वाची. स्नायूंच्या त्रासावर अनेक महिने यकृताचं टॉनिक घेत बसलेली मुलं खरंच असतात.

१२. सीलिअॅकची टेस्ट करायची आहे. तोवर गहू बंद केला तर चालेल?

नाही, इथे घाई नडते. सीलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती आतड्यांवर उलटते. ग्लूटेन बंद केलं की या आजारातल्या टीटीजी अँटिबॉडी उतरायला लागतात आणि खऱ्या आजाराचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

टीटीजी-आयजीएसोबत एकूण आयजीए मोजलंय का तेही बघा (आयजीए, आयजीजी हे अँटिबॉडीचे प्रकार). काही मुलांत आयजीए मुळातच बनत नाही. त्यांचं टीटीजी-आयजीए शून्याजवळ येतं आणि त्याचा काही अर्थ नसतो, त्यांना आयजीजीवर आधारलेली तपासणी लागते. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए (सीलिअॅकची दुसरी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय (आतड्याचा तुकडा न काढता) निदान करता येतं. त्याखालच्या आकड्यांना सहसा बायोप्सी लागते.

१३. थायरॉइडच्या अँटिबॉडी जास्त, टीएसएच नॉर्मल. गोळी सुरू करायची?

सहसा लगेच नाही. अँटी-टीपीओ ही थायरॉइडची अँटिबॉडी म्हणजे पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक) आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) ठरावीक काळाने बघत राहतात. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर किमान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं.

१४. मोठीला आजार आहे. धाकट्याची टेस्ट करून ठेवू का?

आजारावर अवलंबून आहे. सीलिअॅक असेल तर लक्षणं नसली तरी भावंडांची आणि आईवडिलांची तपासणी सुचवतात. टाइप १ मधुमेहात लक्षणांच्या खूप आधी अँटिबॉडी सापडू शकतात. त्यांतल्या दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह असणं ही आजाराची पहिली पायरी मानतात. ही तपासणी आपल्या घरासाठी योग्य आहे का, हे मधुमेहतज्ज्ञांशी बोलून ठरवा. एएनए मात्र भावंडांचं करू नका. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१५. सांधे दुखतात म्हणून गेलो आणि डॉक्टर बोन मॅरोबद्दल बोलायला लागले. स्टेरॉइड देऊन बघता येणार नाही का?

नाही, आणि या बाबतीत डॉक्टरांच्या बाजूने ठाम उभे राहा. मुलांचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) कधीकधी हुबेहूब संधिवातासारखा सुरू होतो. फरक बारीक असतात: सूज थोडी पण दुखणं प्रचंड, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सांध्याऐवजी हाड दुखणं, एलडीएच जास्त. सीबीसीतली एक खूण शिकून ठेवण्यासारखी आहे. खऱ्या दाहात प्लेटलेट वाढायला हव्यात. ईएसआर ८० आणि प्लेटलेट जेमतेम दीड लाख, हे गणित बसत नाही. रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरून तपासलेला थेंब) विकृत पेशी नसल्या तरी मॅरोत (हाडातल्या मगजात) त्या असू शकतात. आधी स्टेरॉइड दिलं तर त्या पेशी काही काळ दबतात, निदान लांबतं आणि पुढचे उपचार अवघड होतात.

१६. ईएसआर ९० वरून २० वर आला, पण मूल जास्तच आजारी दिसतंय. हे कसं?

हा धोक्याचा इशारा असू शकतो. रोज चढणारा ताप, पुरळ आणि सांधे असा सिस्टेमिक बालसंधिवात असलेल्या मुलांत कधीकधी प्रतिकारशक्ती बेभान होते. त्याला मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) संपतं. ईएसआर मुख्यतः फायब्रिनोजेनवर चालतो, म्हणून तो खाली येतो आणि सुधारणा झाल्याचा भास होतो.

२०१६ चे निकष असे: ताप असलेल्या मुलात फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या वर, आणि सोबत यांपैकी कोणतेही दोन: प्लेटलेट १.८१ लाख किंवा कमी, एसजीओटी ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. यातल्या १.८१ लाख प्लेटलेट बहुतेक रिपोर्टांत ठळक छापल्याच जात नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्या सहा लाख होत्या, तर ही घसरण मोठी आहे. म्हणून जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.

१७. बाळ तीन महिन्यांचं आहे आणि त्याच्या रक्तात अँटी-आरओ सापडलं. एवढ्या लवकर आजार?

अँटी-आरओ या ल्युपससारख्या आजारांत दिसणाऱ्या अँटिबॉडी बहुधा आईच्या आहेत. आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळात जातात आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांत नाहीशा होतात. त्यांच्यामुळे येणारं पुरळ आणि रक्तपेशींची घटही त्यासोबत जाते. हृदयावरचा परिणाम मात्र कायमचा राहू शकतो, म्हणून बाळाचा ईसीजी झालाच पाहिजे. अनेकदा आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. तिचीही तपासणी करा, कारण पुढच्या गरोदरपणात ही माहिती लागते.

१८. आयव्हीआयजी दिल्यानंतर अनेक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. हा नवा आजार का?

आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढून शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी. रिपोर्टमधल्या बहुधा त्या हजारो रक्तदात्यांच्याच अँटिबॉडी आहेत. त्यांतल्या निम्म्या जायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून काही महिने असे रिपोर्ट फसवे असतात. ईएसआरही आयव्हीआयजीने वाढतो. या काळात सीआरपीवर भरवसा ठेवतात. शक्य असेल तर अँटिबॉडीचं रक्त आयव्हीआयजीच्या आधीच काढून ठेवायला सांगा.

१९. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला निघाला आणि ‘ल्युपस अँटिकोअॅग्युलंट’ पॉझिटिव्ह. मुलाला तर काहीच त्रास नाही.

लहान मुलांत विषाणूंच्या संसर्गानंतर ही अँटिबॉडी तात्पुरती येते आणि आपोआप जाते. परीक्षानळीत ती गोठण लांबवते, पण शरीरात बहुधा रक्तस्राव करत नाही. टिकून राहिली तर उलट गुठळ्यांचा धोका असतो. म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा बघतात. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतील.

२०. कोणत्या टेस्ट पुन्हा-पुन्हा करायच्या असतात?

एएनए आणि बी२७ नाही. आजार वाढला की कमी झाला हे त्यांवरून कळत नाही. सीबीसी, सीआरपी, लघवी, ल्युपसमध्ये डीएस-डीएनए आणि सी३-सी४, सीलिअॅकमध्ये टीटीजी या उपयोगी. मेथोट्रेक्सेटसारखं (प्रतिकारशक्ती आवरणारं) औषध चालू असेल तर सीबीसी आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करायचीच, मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी. शक्यतो एकच प्रयोगशाळा ठेवा.

२१. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. तोवर कशासाठी थांबायचं नाही?

सांधा लाल, गरम आणि ताप, मूल पाय टेकवत नाही: त्याच दिवशी, कारण सांध्यात पू असू शकतो. लघवी तांबूस किंवा चेहऱ्यावर सूज: त्याच दिवशी. सतत तहान, सारखी लघवी, वजन घटतंय: त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर बघा, अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट बघू नका. दाबल्यावर न विरणारे लाल-जांभळे ठिपके, धाप, झटके, गुंगी किंवा गिळता न येणं: थेट तातडीच्या विभागात. जाताना रिपोर्टची फाइल आणि चालू औषधांची यादी सोबत घ्या.